विद्या आणि वेतन : शहापूर-मुरबाडच्या शिक्षणेतिहासाचा एक धडा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी सदैव असे. कोणता धंदा पत्करावा ह्याविषयीचा समाजाचा कौल तीत थोडक्यात सांगितला आहे. आज शहापूर व मुरबाड ह्या आपल्या दोन्ही तालुक्यांत ही उतरंड पुरती उलटी झालेली दिसते. चाकरी, त्यातही सरकारी चाकरी, सर्वांत वर, व्यापार मध्ये, आणि शेती अगदी तळाशी. सोयरिकीची बोलणी चालली असता ‘मुलगा शेती पाहतो’ हे सांगताना मुलाच्या बापाचा आवाज खाली येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तीन पिढ्यांच्या अवधीत एका म्हणीची अशी उलथापालथ व्हावी, ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कोणता व्यवसाय लाभाचा हे ठरविणारा कौल कायमचा नसतो. तो काळाबरोबर पालटत असतो.

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पोराला कोणत्या लाइनीला घालावे?’ ह्या प्रश्नाला जोडून अलीकडे एक सूचनाही वारंवार पुढे येते. शाळांनीच हे काम अंगावर घ्यावे, आठवी-नववीपासून मुलांचा ओढा भरपूर वेतन देणाऱ्या शाखांकडे वळवावा, आणि ज्ञातिसंस्थांनी आपल्या शिष्यवृत्त्याही अशाच शाखांपुरत्या राखून ठेवाव्या, असे कित्येक सुशिक्षित बांधव कळकळीने म्हणतात. त्यांचा हेतू शुद्ध आहे ह्याविषयी शंका नाही. परंतु पावणेदोनशे-दोनशे वर्षांत ह्याच प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली व त्यांचे जे परिणाम झाले, ते एकदा डोळ्यांखालून घालून मग निर्णय करणे बरे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सुदैवाने ह्या शोधाकरिता आपल्याला दूर जावे लागत नाही. त्याचा आरंभ मुरबाडातच होतो.

मुंबईच्या शिक्षणाचे आद्य शिल्पकार जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, ज्यांना सारी मुंबई ‘नाना’ म्हणून ओळखत असे, त्यांचा जन्म सन १८०३ मध्ये मुरबाड येथे झाला. सन १८२२ च्या सुमारास मुंबईत देशी लोकांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी राहिली तिच्या कार्यात ते अग्रभागी होते. सन १८४० मध्ये सरकारने शिक्षणमंडळ, म्हणजे ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’, स्थापन केले तेव्हा त्यावर घेतलेल्या हिंदी सभासदांत नाना होते. सन १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, सन १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. ह्या उभारणीला नानांचा हातभार लागला. मुंबई-ठाणे लोहमार्गाच्या उभारणीस ज्या हिंदी गृहस्थांनी हातभार लावला त्यांतही ते प्रमुख होते. वैद्यक, कायदा व लोहमार्ग ह्या तीन क्षेत्रांनी पुढील शंभर वर्षे सुशिक्षितांना सर्वाधिक वेतन दिले, आणि तिन्हींच्या पायाभरणीत मुरबाडच्या ह्या सुपुत्राचा वाटा आहे. (त्यांच्या जन्मगावाला मात्र आजतागायत रेल्वेचे स्थानक लाभलेले नाही, हा दैवाचा खेळ म्हणावा!)

असा हा व्यवहारचतुर, लक्ष्मीपुत्र व द्रष्टा पुरुष. तेव्हा मुलांना लाभाच्या विद्येकडेच वळवावे असे त्याचे मत असेल, अशी कोणाचीही अटकळ होईल. परंतु इतिहास वेगळे सांगतो. सन १८४३ पासून शिक्षणमंडळाचे अध्यक्ष असलेले सर अर्स्किन पेरी ह्यांचा सारा भर इंग्रजी शिक्षणावर होता. त्या काळी इंग्रजी हीच वेतनाची किल्ली होती. कचेरीत, व्यापारी पेढीत, न्यायालयात, जेथे म्हणून चार पैसे अधिक मिळत तेथे इंग्रजी लागे. नानांनी इंग्रजीचे महत्त्व कधी नाकारले नाही; ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. तरीही सन १८४७ च्या सुमारास मंडळात जो प्रसिद्ध वाद झाला त्यात त्यांनी व त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांनी, कर्नल जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्यासह, मातृभाषेची बाजू घेतली. थोडक्या हुशार मुलांना वेतनाची वाट दाखविणे हे एक काम आणि सर्व रयतेच्या मुलांना ज्ञान देणे हे दुसरे काम. पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी देता कामा नये, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. पुढे सन १८५४ च्या वूडच्या खलित्याने सर्वसामान्यांच्या शिक्षणात देशी भाषांचे स्थान मान्य केले.

ह्या वादातील जर्व्हिससाहेबांची पूर्वपीठिका येथे सांगण्याजोगी आहे. सन १८२३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘गणितशिल्पविद्यालय’ चालविले होते आणि त्यात भूमिती, मोजणी व स्थापत्य हे विषय मराठीतून शिकविले जात. त्यासाठी पाठ्यपुस्तकेही मराठीत सिद्ध करण्यात आली. ह्या विद्यालयातील मुले सरकारच्या मोजणी व बांधकाम खात्यांत कामास लागली. म्हणजे आपल्या भाषेतून लाभाची विद्या देता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. नानांचे देहावसान ३१ जुलै १८६५ रोजी झाले. त्यांच्या नावाने जी शिष्यवृत्ती सुरू झाली ती शालान्त परीक्षेत संस्कृत विषयात उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्या विद्येला बाजारात फारसे मोल नाही, अशा विद्येशी त्या लक्ष्मीपुत्राचे नाव जोडले गेले, हे विचार करण्यासारखे आहे.

नानांनंतर ह्या प्रश्नाला महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हात घातला. सन १८८२ मध्ये हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले ते शेतकरी समाजाच्या प्रत्येक घरात वाचले जावे अशा योग्यतेचे आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हेही विषय असावेत, असे त्यांनी सुचविले. प्रचलित शिक्षण कारकून आणि पंतोजी घडविण्यापुरतेच उपयोगी पडते, अशीही त्यांची तक्रार होती. सुशिक्षितांची संख्या वाढावी व त्यांनी सरकारी चाकरीची वाट न पाहता निरनिराळ्या उपयुक्त व किफायतशीर धंद्यांत शिरावे, ही त्यांची इच्छा होती.

येथे एक बारीक भेद ध्यानी घेतला पाहिजे. जोतीरावांना कमाईचे वावडे नव्हते. उलट, शिक्षणाने हाताला काम व घराला बरकत यावी असाच त्यांचा आग्रह होता. परंतु एकाच पगारी वाटेवर सर्वांना लोटणे त्यांना मान्य नव्हते. ह्या भेदाकडे पुढील काळात आपले दुर्लक्ष झाले, असे खेदाने म्हणावे लागते.

आता आपल्या गावांकडे वळू. लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत आला, सन १८६० मध्ये आसनगावास व सन १८६१ च्या आरंभी कसाऱ्यास पोचला. थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सन १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण होऊन तेथील पाणी मुंबईस जाऊ लागले. ह्या दोन्ही प्रचंड कामांवर आपल्या भागातील माणसांनी दगड-माती वाहिली. पगारी नोकरी म्हणजे काय हे त्यांना प्रथम तेथे कळले. पाऊस पडो वा न पडो, भात पिको वा करपो, महिना भरला की हातात रोख पैसे येतात, ह्या अनुभवाचे आकर्षण भातशेती, नागली व वरी ह्यांवर जगणाऱ्या कुटुंबास किती वाटले असेल ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे.

त्यानंतर शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा आली. सातवी होऊन ‘फायनल पास’ झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची जागा मिळू शके. कित्येक गावांत फायनल पास झालेला पहिला मनुष्य कोण, हे आजही जुनी माणसे सांगतात. त्या एका पगारावर भाऊ शिकले, बहिणींची लग्ने झाली, सावकाराकडची गहाण जमीन सुटली. हा वेतनाचा महिमा कोणीही कमी लेखू नये. मात्र त्याच वेळी एक समज आपल्या मनात खोल रुजला : शाळा ही नोकरीकडे जाणारी पायवाट आहे, आणि नोकरी न मिळाल्यास शिक्षण व्यर्थ गेले. जोतीरावांनी अभ्यासक्रमात मागितलेली शेती मागे पडली. शाळा शिकलेला मुलगा शेतात उतरला तर लोक ‘शिकून काय उजेड पाडला?’ असे विचारू लागले.

स्वातंत्र्याच्या सुमारास ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सुरू झाला. ज्ञातिसंस्थांच्या दृष्टीने त्यातील एक उदाहरण बोधप्रद आहे. मुंबईच्या पारशी पंचायतीने सन १९४७ मध्ये आपल्या समाजातील मुलांकरिता व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र काढले. मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र काढले ते सन १९५० मध्ये. एका लहानशा समाजाने सरकारच्याही आधी ही गरज ओळखली होती. पुढे सन १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा काढण्याची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान अशा सात शाखा करून मुलांना माध्यमिक शाळेतच त्यांत विभागावे, अशी ती योजना होती. आज जे बांधव आठवी-नववीपासून मुले वळवा म्हणतात, त्यांच्या कल्पनेशी ती पुष्कळशी जुळते. परंतु दहा-बारा वर्षांतच, सन १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, इतक्या लहान वयात शाखाभेद करू नये, पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे आणि त्यात कार्यानुभवाचा समावेश करावा, असे मत दिले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगी काय आहे हे त्या वयात पुरते प्रकट झालेले नसते. आणि एकदा वाट बंद झाली की ती उघडणे गरिबाच्या मुलाला फार महाग पडते. आज दहावीपर्यंत सर्वांचा अभ्यासक्रम बहुतांशी समान आहे, तो ह्याच विचाराचे फळ आहे.

इकडे आपल्या तालुक्यांच्या उंबरठ्यावर कारखाने उभे राहिले. अंबरनाथ, शहाड, आंबिवली, पुढे डोंबिवली. आसनगाव-वाशिंदहून पहाटेची गाडी पकडून आणि मुरबाडहून एस. टी.ने कल्याण गाठून शेकडो तरुण पाळीवर जाऊ लागले. त्या काळात आय. टी. आय. करून ‘कंपनीत पर्मनंट’ होणे ही सर्वांत मोठी प्रतिष्ठा होती. शिक्षक, पालक व नातलग सर्वजण मुलाला तिकडेच बोट दाखवीत, आणि त्या काळाच्या मानाने त्यांचे चुकत नव्हते. परंतु आंबिवली-मोहने येथील नॅशनल रेयॉनचा, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या एन. आर. सी.चा, कारखाना सन २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. त्याआधी सन १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची काय अवस्था झाली ती सर्वश्रुत आहे. ज्या वाटेला आपण राजमार्ग समजत होतो ती एका पिढीच्या आतच खुंटली.

ह्यानंतरचा प्रसंग सांगताना प्रस्तुत लेखकास संकोच वाटतो, कारण त्यात तो स्वतः दोषी आहे. परंतु इतिहास लिहावयाचा तर स्वतःचा भाग गाळून चालत नाही.

सन २००० नंतरच्या दशकात आपल्या भागात डी. एड. ह्या दोन अक्षरांची जादू होती. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक, तीन वर्षे मानधन, आणि मग कायम नोकरी. शिवाय मुलींना सुरक्षित व सन्मानाची. मागणी पाहून राज्यात शेकडो नवी विनाअनुदानित अध्यापक विद्यालये निघाली. मी त्या वेळी माध्यमिक शिक्षक होतो. टोकावड्याच्या पलीकडील एका गावातील मुलगी माझ्या वर्गात होती. रसायनशास्त्राची तिला विलक्षण गोडी. प्रयोगवहीत ती नोंद करीत असे ती पाहून माझेच मला कौतुक वाटावे, इतकी नेटकी. बारावीनंतर तिला बी. एस्सी. करावयाचे होते. वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले. मी म्हणालो, ‘बाबा, बी. एस्सी. करून काय करणार? डी. एड.ला घाला. दोन वर्षांत पोर पायावर उभी राहील.’ माझ्या शब्दाला मान देऊन त्यांनी म्हशाच्या यात्रेत बैलजोडी विकली आणि विनाअनुदानित विद्यालयाचे शुल्क भरले.

सन २०१० मध्ये शिक्षणसेवकांची भरती झाली. त्या वेळी ती अद्याप शिकत होती. सन २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि २ मे २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबली. सन २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. पुढे सन २०१७ च्या अखेरीस अभियोग्यता चाचणी आली. त्या मुलीने दोन्ही दिल्या. एका खाजगी शाळेत तिने तुटपुंज्या पगारावर काही वर्षे शिकविले. आज ती आपल्या संसारात आहे. दुकान सांभाळते, समाधानी दिसते. भेटली की आदराने वाकून नमस्कार करते. तिने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. परंतु तिच्या वडिलांची ती बैलजोडी मला अजून आठवते. मी जो सल्ला दिला तो वाईट हेतूने दिला नव्हता, तो त्या वेळच्या वेतनाच्या हिशेबाप्रमाणे अचूकही होता. चूक ही की, काल ज्या वाटेने शंभर माणसे पोचली त्या वाटेने उद्या हजार माणसे पोचतील, असे मी गृहीत धरले. आणि तिला रसायनशास्त्र आवडते ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नाही.

डी. एड.ची ही कथा एकटी नाही. सन १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि ‘इंजिनिअर’ हा शब्द खेडोपाडी पोचला. आरंभीच्या तुकड्यांचे भाग्य उजळले. पुढे महाविद्यालये वाढत गेली आणि सन २०१२ नंतर काही वर्षे राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. स्थापत्य व यंत्र ह्या एके काळच्या मानाच्या शाखा ओस पडल्या आणि संगणकाच्या शाखेपुढे रांगा लागल्या. ह्या सर्व प्रकरणांतून एक नियम दिसतो. एखाद्या शाखेत वेतन वाढते ते तेथे माणसे कमी असतात म्हणून. ती वार्ता खेड्यातील शाळेपर्यंत येईतो चार-पाच वर्षे जातात. शिक्षण पुरे होण्यास आणखी चार-पाच वर्षे. तोवर सर्व महाराष्ट्रातील मुले त्याच दारापाशी उभी असतात. जो सर्वांत शेवटी पोचतो तो बहुधा खेड्यातला, कर्ज काढून शिकलेला असतो. म्हणून शाळेने वेतनाकडे बोट दाखवून सर्व मुलांना एका दिशेस वळविले, तर तिचे बोट बहुधा कालच्या सूर्याकडे वळलेले असते.

आता दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. ‘पैशाचा विचार नको, आवडेल ते शिका’ असा उपदेश ज्याच्या कणगीत भात आहे त्याने ज्याच्या घरी उद्याची चिंता आहे त्याला करणे, हे शोभत नाही. दोन एकर खडकाळ जमीन, आजारी आई आणि मागे तीन भावंडे असलेल्या मुलाने वेतनाचा विचार केला, तर तो लोभी ठरत नाही. तो कर्तव्यनिष्ठ ठरतो. शिवाय मौन हीही एक दिशा असते. शहरातील मुलाला काका, मामा, शेजारी ह्यांच्याकडून शंभर व्यवसायांची माहिती आपोआप मिळते. आपल्या मुलाला शिक्षक, तलाठी, पोलीस, ग्रामसेवक व दवाखान्यातील डॉक्टर ह्यांच्यापलीकडे कोणी पगारदार दिसतच नाही. त्याला शाळेने काहीच सांगितले नाही, तर तो स्वतंत्रपणे निवड करतो असे नव्हे. तो जे दिसते तेवढ्यातूनच निवडतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. जवळ जे महाविद्यालय असेल, जेथे एस. टी. जाते, तेथे जे शिकवितात तेच तिचे क्षेत्र ठरते. तेव्हा शाळेने गप्प बसावे, असा प्रस्तुत लेखाचा निष्कर्ष मुळीच नाही.

भेद आहे तो मार्ग दाखविणे आणि मार्गावर लोटणे ह्यांतला. शासनाने सन २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेतली. मुलाचा ओढा कोठे आहे हे विचारण्याचा तो प्रयत्न स्तुत्य होता. परंतु कल निराळा आणि कुवत, घरची परिस्थिती व संधी निराळ्या. एका कागदावर चौघांची सांगड बसत नाही. ती सांगड घालण्यासाठी माणूस लागतो : मुलाला ओळखणारा, बाहेरचे जग पाहिलेला, आणि स्वतःचा सल्ला चुकू शकतो हे मान्य करणारा.

अशा मार्गदर्शनात चार गोष्टी असाव्या असे अनुभवाने वाटते. पहिली, प्रत्येक शाखेची खरी किंमत सांगावी : शुल्क किती, वर्षे किती, आरंभी वेतन किती, आणि शिकून बाहेर पडलेल्या शंभरांपैकी कितीजणांना त्याच क्षेत्रात काम मिळाले. यशस्वी एकाचे छायाचित्र फलकावर लावून उरलेल्या नव्याण्णवांविषयी मौन पाळणे हे मार्गदर्शन नव्हे, ती जाहिरात होय. दुसरी, परतीची वाट दाखवावी. ही शाखा न साधल्यास पुढे काय, हे आधीच बोलावे. तिसरी, जी विद्या सर्व क्षेत्रांत उपयोगी पडते ती दहावीपर्यंत पक्की करून घ्यावी : उत्तम मराठी, कामापुरते निर्भय इंग्रजी, पक्के गणित, आणि हाताने काही करण्याचे कौशल्य. क्षेत्रे येतात व जातात. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाण्याचा पूल ह्याच विद्येचा बनतो. कारखाना बंद पडल्यावर जे कामगार सावरले त्यांत आपला हिशेब व अर्ज स्वतः लिहू शकणारे पुढे होते, असे माझे निरीक्षण आहे. आणि चौथी, आपल्या मातीतील कामांची लाज शिकवू नये.

ह्या शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे विस्ताराने. भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. हुशार मुलांच्या बाबतीतही तेच घडत आले आहे. जे जे उत्तम ते नळाने शहरात. मुलांनी शहरात जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु सर्व नळ एकाच दिशेने घालणे हा शाळेचा धर्म नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. रस्त्याबरोबर गोदामे येतील, जमिनींचे व्यवहार वाढतील, भाजीपाला, फुले व दूध ह्यांना बाजार जवळ येईल. मोजणी, शीतगृह, यंत्रदुरुस्ती, परिचर्या, जलव्यवस्थापन अशा कामांना येथेच माणसे लागतील. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका गटाने रानातील गुळवेल गोळा करून, वाळवून, मोठ्या औषधी कंपन्यांना पुरविण्याचा उद्योग उभा केला आणि सन २०२० च्या सुमारास त्याची वार्ता देशभर पोचली. गुळवेल कोठे वाढते, केव्हा तोडावी, हे ज्ञान त्यांच्या आजा-पणज्यांचे होते. दहावी-बारावीच्या कोणत्याही ‘लाइनी’त ते नव्हते. बाजार, हिशेब व पत्रव्यवहार ह्यांची जोड मिळताच त्या ज्ञानाला मोल आले.

आणि वेतनाशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही असेही शिक्षण आपल्या भागाने पाहिले आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे ह्या लहानशा गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांनी ती काढली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन, पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. त्यांना नोकरी करावयाची नव्हती, परीक्षेला बसावयाचे नव्हते. पोथी आपल्याला वाचता यावी, कागदावर अंगठ्याऐवजी नाव लिहिता यावे, एवढीच त्यांची आस. ज्या समाजाने ह्या स्त्रियांना बालपणी शाळेबाहेर ठेवले त्याने तेव्हा केलेला हिशेबही वेतनाचाच होता : ‘पोरीला शिकवून काय उपयोग?’ तो हिशेब किती कोता होता हे त्या पाट्या सांगतात. शिक्षणाचे मोल वेतनात मोजावयाचे ठरविले की प्रथम मुली, मग दुबळी मुले, मग कलावंत, आणि शेवटी शेतकरी, असे एकेकजण शाळेच्या दाराबाहेर पडत जातात, हा आपल्या शतकभराच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आता प्रश्न उरतो तो आपल्या शिष्यवृत्त्यांचा. त्या अधिक वेतनाच्या शाखांपुरत्या राखून ठेवाव्या, ह्या सूचनेस प्रस्तुत लेखकाचा नम्र विरोध आहे. आज आपण ज्या शाखांची यादी करू ती आणखी दहा वर्षांनी डी. एड.च्या यादीसारखी वाटण्याचा संभव फार मोठा आहे. त्यापेक्षा गरज व परिश्रम हे दोनच निकष ठेवावे; मुलगा वैद्यकाला जावो, शेतीशास्त्राला जावो, वा संस्कृतला. त्याबरोबर पारशी पंचायतीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून, आपल्या समाजातील निरनिराळ्या व्यवसायांत असलेल्या स्त्री-पुरुषांची एक नामावली तयार करावी आणि वर्षातून दोन वेळा त्यांनी दहावी-बारावीच्या मुलांसमोर बसून आपल्या व्यवसायाचे खरे चित्र सांगावे : मिळकत, कष्ट, धोके, आणि पुन्हा जन्म मिळाला तर हेच शिकलो असतो काय, हे सुद्धा. परिचारिका, वायरमन, भेंडी-काकडीचा बागाईतदार, बँकेतील अधिकारी, चित्रकलेचा शिक्षक, सर्वांनी यावे. ह्याला पैसा फारसा लागत नाही. सचोटी मात्र लागते.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, अलीकडे कोणी पालक सल्ला विचारावयास आला की मी प्रथम त्याच्याशी बोलत नाही. मुलाला किंवा मुलीला आत बोलावतो आणि विचारतो, ‘वही दाखव, कोणत्या विषयाची नीट लिहिली आहेस?’ वेतनाची गोष्ट त्यानंतर निघते, आणि निघालीच पाहिजे. परंतु आधी वही, मग वेतन, हा क्रम मी आता चुकू देत नाही. तो क्रम मला एका बैलजोडीच्या मोलाने शिकावा लागला; आपल्या मुलांना व त्यांच्या आईबापांना तो इतका महाग पडू नये, एवढीच प्रार्थना.